तू फक्त ब्रेक दाबून बस

...आणि वर म्हणे, ‘तुला काहीच करायचं नाहीये, तू फक्त ब्रेक दाबून बस!’ फक्त! तुम्हाला सांगते, माझ्या नवऱ्याच्या तोंडून ‘फक्त’ आलं की समजायचं, माझा दिवस गेला. ‘फक्त एकदा चालवून बघू’ म्हणत लग्नाआधी त्यानं ही गाडी आणली. स्पोर्ट्स कार! लाल! म्हणजे एके काळी लाल. वयानं माझ्याहून मोठी, दारं दोनच, आणि बसायला इतकी खाली की बाळंतपणानंतर पहिल्यांदा बसले तेव्हा मला उठवायला सासूबाईंना हाक मारावी लागली! हल्ली वळण आलं की मागून कट-कट-कट... चाक फिरवणारा दांडा असतो ना, अ‍ॅक्सल, त्याच्या टोकाचा सांधा गेलेला. जॉइंट हो, जॉइंट! बदलायचा कधी? तर आजच. कारण माझी बाळंतपणाची रजा आज संपते आणि उद्या कामावर जायला गाडी हीच.

आता उद्या लेकीला पहिल्यांदाच दिवसभर आजीकडे सोडायचं, आणि ती माझ्या खांद्याशिवाय कुठे म्हणता कुठे झोपत नाही! पाळण्यात नाही, बापाकडे नाही, आजीकडे तर नुसती टकामका बघते. म्हणून आज दुपारी रंगीत तालीम ठेवलेली. सासूबाईंनी वर झोपवायचं, मी कुठेतरी लपायचं. तर नवरा म्हणतो, ‘लपायचंच आहे ना? मग गाडीत लप. आणि लपल्यालपल्या फक्त ब्रेक दाबून बस!’

बसले. गाडी मागून उचलून लोखंडी स्टँडवर ठेवलेली, नवरा खाली आडवा. म्हटलं, ‘अरे, पडली तर?’ ‘पडली तर मी खाली आहे, तू वर आहेस. तुला काय?’ हे सांत्वन!

काम असं, की सांध्याला सहा बोल्ट, सगळे गंजलेले. पान्यानं जोर लावला की बोल्ट राहतो बाजूला, अख्खा दांडाच फिरतो. म्हणून मी ब्रेक दाबायचा. बोल्ट सुटला की ब्रेक सोडायचा, तो दांडा फिरवून पुढचा बोल्ट समोर आणणार, की परत दाबायचा. दाब... सोड... दाब! काय म्हणालात, हँडब्रेक? आहे की! दांडी वर येते, पण ते गाडीला कळत नाही. ‘मग पेडलवर वीट ठेव!’ म्हटलं. तर म्हणतो, ‘विटेला सोड म्हटलेलं कळतं का?’ म्हणजे बघा, माझी निवड झाली ती विटेशी तुलना करून!

पहिला बोल्ट सुटला आणि वर लेकीनं भोकाड पसरलं. खिडकीतून सासूबाई, ‘अगंऽ, तू येऊ नकोस हं! मी बघते!’ येऊ नकोस म्हटल्यावर कुठल्या आईचा पाय जागेवर राहील? माझाही उचललाच गेला. खालून किंकाळी, ‘दाऽब! अगं माझं बोट!’ दाबला. वर सूर चढतोय... तिचं भुकेचं रडणं मला कळतं, झोपेचं कळतं. हे तिसरंच होतं, हे ‘आई मला टाकून गेली’चं! पुस्तकं सगळी वाचलीत हो मी. एक म्हणतं लगेच उचला, दुसरं म्हणतं जरा थांबा. ब्रेक दाबलेला असताना काय करायचं ते एकातही नाही!

मग एका बोल्टचं डोकंच घासून गोल झालं. पाना धरेना. गॅरेजवाल्याला फोन. ‘वहिनी आहेत ना ब्रेकवर? मग काय काळजी! तेल मारा, दम खा, मग ठोका. आणि वहिनींना म्हणावं, पाय हलवायचा नाही!’ सगळ्या जगाचा डोळा माझ्या एका पायावर!

...आणि एकदम वरचं रडणं थांबलं.

थांबलं म्हणजे? झोपली? का आजीच झोपल्या आणि ही पलंगाच्या कडेला? मघाशी ती रडत होती म्हणून जीव जात होता, आता रडत नाही म्हणून! पायाला मुंग्या आल्या, मग पोटरीत गोळा. खाली हातोडा, ठण्ण... ठण्ण... बोल्ट निघाले तरी सांधा जागचा हलेना, गंजानं घट्ट धरून बसलेला. नवरा त्याला शिव्या घालत होता. मला मात्र त्या सांध्याचं अगदी पटत होतं.

धाडकन आवाज! ‘निघालाऽ!’

‘आता सोडू?’

‘काय?’

‘ब्रेक!’

‘अगं, तू अजून दाबून बसलीयेस? बोल्ट संपले तेव्हाच ब्रेकचं काम संपलं!’

लंगडत जिना चढले. लेक आजीच्या पोटावर पालथी, मुठी सैल, गाढ! सासूबाईंनी एक डोळा उघडला. ‘श्श! केव्हाची झोपलीय. उगीच जीव टांगणीला लावतेस. जा उद्या खुशाल.’

खुशाल! तुम्हाला सांगते, आठवडाभर देवाकडे हेच मागत होते, आणि मिळालं तर मीच खट्टू! लेकीचं माझ्यावाचून अडलं नाही. गाडीचंही अडलं नव्हतं, मीच बसले होते पेडलला चिकटून! हसावं की रडावं ते ठरवतेय, तोच खालून हाक, ‘अगं एऽ, दुसऱ्या बाजूचाही काढायचाय! तू फक्त...’

गेले. दुखऱ्या पायानं धावत गेले! म्हटलं चला, संध्याकाळपर्यंत तरी या घरात कुणाचंतरी माझ्यावाचून अडतंय.