साखरलेला पाक

दादा : कढई पोचवली, माझं काम झालं. निघतो आता. दुपारी बस काढायचीय.

धाकटी : शाळा सुटायला अवकाश आहे अजून. चहा घे, मग जा. माझ्या कार्यशाळेत पाक शिकायला आलेल्या सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलंय मी, ही आमच्या दुकानातली कढई आणि हा माझा भाऊ, साखरेच्या गोळ्या करणारा.

दादा : करणारा कसला? बिघडवणारा म्हण. हल्ली पोरांची ने-आण करतो, ते बरं जमतं.

धाकटी : असं का बोलतोस? वास बघ की कसा सुटलाय. दुकानाच्या मागच्या खोलीत असायचा तसाच.

दादा : म्हणून तर निघतो म्हणतोय.

सर : मॅडम, जरा व्यत्यय आणतो. आमच्या टेबलावरचा पाक पाहता का? इतरांच्या गोळ्या काचेसारख्या पारदर्शक झाल्या. आमच्या मात्र पांढऱ्याफटक, जणू खडूचे तुकडे. वास्तविक तापमान आम्ही अगदी काटेकोर राखलं होतं.

धाकटी : दाखवा. हं. साखरलाय, सर.

दादा : साखरलाच आहे. टाकून द्या, आता काही होत नाही त्याचं.

धाकटी : टाकू नका. पाणी घालून पुन्हा विरघळवा, पुन्हा उकळा. फक्त कडा पुसल्या होत्या का भांड्याच्या?

सर : कडा? नाही बुवा. त्याचा काय संबंध?

धाकटी : पाक उकळताना वर शिंतोडे उडतात आणि कडेला वाळतात. त्यात साखरेचे बारीक कण तयार होतात. त्यातला एक जरी खाली पडला, तरी बाकीची साखर त्याला जाऊन चिकटते आणि बघता बघता सगळा पाक साखरतो. म्हणून ओल्या ब्रशने कडा पुसत राहायच्या.

सर : अरेच्चा. स्फटिकीकरण वर्गात इतकी वर्षं शिकवतोय, पण मोरचुदाच्या पुढे कधी गेलो नाही. आणि प्रयोगशाळेत काही खाऊ नका म्हणून मुलांवर ओरडत आलो, आज इथे चित्रकलेच्या वर्गात बसून गोळ्या चाखतोय. करतो पुन्हा.

दादा : परत सांग.

धाकटी : काय?

दादा : कडांचं. आत्ता सरांना सांगितलंस ते.

धाकटी : कडेला साखरेचे कण राहतात, ते खाली पडले की पाक साखरतो. ओल्या ब्रशने पुसले की पडत नाहीत. का रे?

दादा : ब्रशच लागतो?

धाकटी : छे. ओलं फडकंही चालतं.

दादा : फडकेबाई.

धाकटी : अं?

दादा : आईला फडकेबाई म्हणायचो ना आपण? पाकाला बुडबुडे यायला लागले की असेल तिथून यायची. हातात ओलं फडकं. अण्णा वैतागायचे, पाक होऊ दे, मग घास काय घासायचं ते. ती ऐकून घ्यायची आणि कडेने फडकं फिरवून निघून जायची.

धाकटी : थांब. ती गेल्यावरच ना रे पाक साखरायला लागला?

दादा : अण्णांचा खांदा दुखायला लागला आणि शेगडी माझ्याकडे आली. त्याच सुमारास आई गेली. तू शिकायला बाहेर होतीस. पहिलीच कढई साखरली. मग दुसरी. साखर तीच, आच तीच. मी काय काय करून पाहिलं. शेवटी अण्णा म्हणाले, तुझ्या हाताला गुणच नाही. गिऱ्हाइकं तुटली. पुढचं तुला ठाऊक आहे.

धाकटी : तुझ्या हाताचा काही संबंध नव्हता, दादा.

दादा : तिला माहीत असेल का गं, कशासाठी पुसतोय ते?

धाकटी : तिच्या आईकडे बघून शिकली असेल. किंवा नसेलही माहीत. काय सांगावं?

दादा : माहीत होतं. दवाखान्यात नेत होते तिला, शेवटचं. गाडीत बसली आणि खिडकीतून मला म्हणाली, कडा पुसत जा रे. मला वाटलं, अशा वेळीसुद्धा हिला स्वच्छतेचंच पडलंय. मी हसलो. तीही हसली.

धाकटी : हे कधी बोलला नाहीस.

दादा : बोलण्यासारखं आहे असं वाटलंच नव्हतं.

सर : मॅडम, पुन्हा उकळी आली. आमचे बंधू, म्हणजे तुमचे बंधू, उभे राहतील का शेजारी? पाक कधी उतरवायचा ते पुस्तकातून कळतं, पण धीर होत नाही.

धाकटी : जाशील?

दादा : बस काढायचीय मला.

धाकटी : बरं.

दादा : बाजूला व्हा, सर. आणि आच कमी करा आधी. घाई कुणाला आहे?

(बऱ्याच वेळाने. टेबलावरच्या ताटात गोळ्या गार होत आहेत.)

सर : बघा, पलीकडचं दिसतंय. माझ्या चष्म्यापेक्षा स्वच्छ आहे ही.

धाकटी : दादा, यातल्या थोड्या कागदात बांध. घरी ने अण्णांना.

दादा : ते अजून म्हणतात, तुझी आई गेली आणि दुकानाची बरकत गेली. मला वाटायचं, मला टोचायलाच म्हणतात. सांगू त्यांना कडांचं?

धाकटी : सांग की. पण लगेच नको. आधी गोळी दे हातात.

दादा : विचारतील, कुणी केल्या म्हणून.

धाकटी : तू केल्यास म्हणायचं.

दादा : पटेल त्यांना?

धाकटी : दात राहिलेत कुठे त्यांना? एक गोळी विरघळायला बराच वेळ लागेल. तेवढा वेळ बस त्यांच्याजवळ.