११२३ची फोड

हा किस्सा खरं तर आमच्या ह्यांनी सांगायचा. ते नाहीत, म्हणून मी सांगते. ऐंशीच्या दशकात हे कॉम्प्युटर शिकत होते. सलग आकड्यांची फोड करून नेटवर्कवरच्या मशीनचा पत्ता शोधायचा, असला अभ्यास. हे मला बघायला मुलुंडला येणार होते. माझ्या बाबांनी इमारत आणि खोली, मध्ये रेघ न मारताच लिहून दिली: ११२३.

ह्यांनी फोड केली, इमारत अकरा, खोली तेवीस. तिथेही नेमका मुलगी बघायचा कार्यक्रम! ह्यांचे पोहे संपले आणि खरा मुलगा दारात उभा.

मग हे आमच्याकडे आले, इमारत एकशे बारा, खोली तीन. पोहे नको म्हणाले. बाबांचा चेहराच पडला. ह्यांनी सगळं सांगितलं, तर बाबा आणखी घाबरले. "मग ती मुलगी कशी वाटली?"

"पोहे बरे होते, काका. मुलगी बघायला मी इथे आलोय ना!"