व्हर्लिनचं स्वतःचं मत

हॅलो? … हां, बोल डोरीन. … हो, हरला. … एका मताने. … एका गं, एक. … नाही, मोजण्यात चूक नाही. परत मोजायला लावलं मी.

अगं ऐक ना… त्याने स्वतःचं मत हॅल्वर्सनला दिलं. … हो, त्यालाच. ज्याच्या विरुद्ध महापौरपदाला उभा राहिला त्यालाच. … हॅलो? आहेस ना? … मला वाटलं चक्कर आली तुला.

विचारलं ना मी. नवऱ्याला नाही विचारणार तर कुणाला? म्हणतो कसा, "मार्लिस, म्हातारा कोपऱ्यात एकटाच उभा होता गं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच बाहेर पडलेला. कोटाची बटणं खालीवर लागलेली. म्हटलं, बिचाऱ्याला निदान एक तरी मत पडू दे." … हो ना, पडलं की. निम्म्या गावाचं पडलं. सगळ्यांनीच बटणं बघितली असणार.

… भोळसट? म्हण. … स्वप्नाळू? बरं, तेही म्हण. … आदर्शवादी ही काही शिवी नव्हे, डोरीन, तू म्हणतेस शिवीसारखी. … नाही, मूर्ख नको म्हणूस. ते माझं सकाळीच म्हणून झालंय, आणि तो माझा हक्क आहे.

… रिंकचं मला काय सांगतेस? रिंक बंद होऊ देणार नाही म्हणत मीच दारोदार फिरले त्याच्याबरोबर. छप्पर गळतं म्हणून हॅल्वर्सन कुलूप घालणार, मग हिवाळाभर पोरांनी स्केटिंग करायचं कुठे… कळतं गं मला. घास उतरला नाही कालपासून.

तो? तो गेलाय हॅल्वर्सनकडे, अभिनंदन करायला. … हो, रिकाम्या हाताने कसा जाईल. बटर टार्ट नेलेत. जिंकल्यावर वाटायला केले होते मी… सगळेच्या सगळे.

थांब, ट्रक आला वाटतं. … व्हर्लिन, बूट तिकडेच काढ, बर्फ आत नको. काय म्हणाला? … खरंच? … डोरीन, हॅल्वर्सन रडला म्हणे. छपराचं निमित्त होतं. बायको तिथे रोज स्केटिंग करायची, तिच्याशिवाय रिंककडे बघवत नाही म्हणून कुलूप घालायला निघाला होता. आता म्हणतो, उघडं ठेवतो, पण तू सांभाळ. … कोण म्हणजे, व्हर्लिन. छप्परही हाच दुरुस्त करणार. … त्याची दुखरी कंबर मला माहीत नाही का? हो म्हणून आलाय.

… दोघेही हळवे, कबूल. … शहाणं माणूस गावात एक तरी हवं? म्हणजे तुझ्यासारखं. … बरं, तू कुणाला दिलंस? … मत गं. … थंडी सगळ्यांनाच होती, डोरीन. … व्हर्लिन जिंकणारच होता म्हणून तू घरी बसलीस? … डोरीन? … हॅलो?

… व्हर्लिन, ठेवला तिने.