होडीतला गीझर

चहा पाजायचा आणि हाच किस्सा काढायला लावायचा, ही तुमची खोड काही जात नाही. ऐका, मधे बोलू नका.

एका साहेबांनी शिडाची होडी घेतली. समुद्रात न्यायच्या आधी हडपसरला एका शेडमध्ये तिची डागडुजी चालली होती. तिच्यातल्या गीझरला नवी कॉइल मी बसवली. चारच दिवसांत साहेब कसबा पेठेत माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "म्हातारबुवा, जुनी कॉइल घालून फसवलंत!"

चाळीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. तडक हडपसर गाठलं. गीझर उघडला, तर आत पाण्याचा थेंब नाही. कॉइल जळून काळीठिक्कर.

"साहेब, पाणी न भरताच बटण दाबलंत?"

"मी कशाला भरू? टाकीतून आपोआप येतं की!"

"अहो, ते तुमच्या सोसायटीत. तिथं टाकी गच्चीवर असते. होडीला गच्ची कुठाय? इथं टाकी तळाला. पंप लावल्याशिवाय पाणी वर चढत नाही."

मी कॉइल बदलली, पंप चालू केला, नळाला नीट धार लागू दिली आणि मगच गीझरचं बटण दाबलं. थोड्या वेळात कढत पाणी आलं. साहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "आता जमलं बघा तुम्हाला."

जमलं म्हणे! चारचौघांत दुकानात बोलले, तर माफीही तिथंच येऊन मागायची. अजून फिरकलेले नाहीत. नाव कशाला लपवू? सुधाकर टिळेकर, कर्वेनगर.