दाराबाहेरची नर्स

पोटेन्झा शहरातल्या इस्पितळात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या.

“ऑर्नेला, गर्भपात म्हटलं की तू दाराबाहेर आणि मी आत. मजा आहे बाई तुझी!”

“माझ्या मनाला नाही पटत, मिरेल्ला. नकार द्यायची मुभा कायद्यानंच दिलीय.”

“माहितेय गं. पण नंतरची देखभाल कायद्यानंही चुकत नाही हं!”

“चुकवली कुठे? सकाळच्या त्या मुलीजवळ ती शुद्धीवर आल्यापासून मीच बसले होते. माझा हातच सोडेना.”

“तू आत यायला नकार दिला होतास, हे कळलं तिला?”

“मीच सांगितलं.”

“अगं बाई! चिडली असेल.”

“छे! म्हणाली, ‘बरं झालं. दाराबाहेर थांबायला माझं कुणीच नव्हतं.’”