दुसऱ्याची शुगर

हसा तुम्ही, पण आमच्या बाबाले पंधरा दिवस दुसऱ्याचीच शुगर झालती. रिपोर्टात साडेतीनशे! आईनं साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला. सेलूच्या मामानं कारल्याचा रस सुरू केला, तो बाबा नाक दाबून प्यायचे.

मंग लॅबवाल्याचा फोन आला. "काका, चुकी झाली. तुमची शुगर नॉर्मल आहे. तो रिपोर्ट आंजीच्या रामभाऊचा होय, तुमचंही नाव रामभाऊच ना! त्यायचा फोन लागून नाई राह्यला."

"बिचाऱ्याले सांगाले पाहिजे," म्हणत बाबा पिशवी घेऊन माझ्या गाडीवर बसले.

आंजीले पोचलो तं रामभाऊ ओसरीत शिऱ्याची प्लेट घेऊन बसलेले. "या, या! माझा रिपोर्ट एकदम नॉर्मल आला. तवापासून रोज गोड चालू आहे!"

बाबानं सगळं सांगून साडेतीनशेचा रिपोर्ट काकूच्या हातात देल्ला. काकूनं तो वाचला अन् नवऱ्यासमोरची प्लेट उचलली.

रामभाऊ रडकुंडीले आले. "मंग आता मी काय खाऊ?"

बाबानं काकूच्या हातातून प्लेट घेतली, पिशवीतून बाटली काढून त्यायच्यासमोर ठेवली अन् म्हणाले, "हा शिरा माझा होय. तुमचा कारल्याचा रस मी घेऊन आलो."