सत्तावीस वाफ्यांचं खत

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या शालेय व्यवस्थापन समितीचेही अध्यक्ष माननीय आबाराव; धावड्याहून वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख भागवत सर; व्यासपीठावर यायला तयारच नव्हत्या, पण अखेर खुर्चीच्या काठावर का होईना बसल्या त्या आपल्या सत्कारमूर्ती गोजरबाई मावशी; माझे सहकारी, वस्तीतल्या माता-भगिनी, वडीलधारी मंडळी आणि ताटांचा आवाज ऐकताच पाढे विसरणाऱ्या माझ्या बाळांनो,

पिंपळगावच्या रेणुकाआईला मनातून नमस्कार करून दोन शब्द बोलतो. आज ते थोडे लांबतील. आबाराव, शाल-नारळ जरा वेळ ताटातच राहू द्या. का, ते कळेल.

एकोणीस वर्षं मावशींनी आपल्या शाळेत खिचडी शिजवली. मी नवा मुख्याध्यापक होऊन आलो तेव्हा रोज सकाळी चुलीपाशी जाऊन रुबाबात सांगायचो, "मावशी, पटावर साठ आहेत." एक दिवस त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पटावरची पोरं जेवत न्हाईत, सर. आज आली किती, ते बघून सांगा." मी वर्गावर्गात जाऊन मोजून आलो. सेहेचाळीस होती. तुम्ही हसलात. तेव्हा मीही हसलो होतो. ते वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर आज मला हे बोलावं लागलं नसतं.

आपल्या वस्तीत पेरणीची पहिली मूठ कुणी धरायची, हे आपण किती जपतो, तुम्ही जाणता. ज्या बाईच्या हाताला यश, तिला बोलावणं जातं. मिरचीचं पहिलं रोप असो, हळदीचा पहिला कंद असो, वर्षानुवर्षं ते बोलावणं गोजरबाईंना जायचं. शाळेमागच्या वाफ्यातली मेथी-कोथिंबीरही त्यांच्याच हातची. पहिल्या तोड्याची जुडी मी स्वतः रेणुकाआईच्या पायाशी नेऊन ठेवायचो.

मग बोलावणं थांबलं. कधी थांबलं, आठवतं का कुणाला? चार वर्षांपूर्वीच्या पौषात.

तालुक्याहून परसबागांची पाहणी करायला पथक येणार होतं. मेथी थोडी पिवळी वाटत होती. कृषी सहायक मोनिकाताईंना मी विचारलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, एका गुंठ्याला एक किलो युरिया. चिठ्ठी बिलकुल बरोबर होती. आपल्याकडे खताचा हिशेब एकराचा किंवा गुंठ्याचाच असतो, चार हात जमिनीचा कोण करतो? आता ती मागची जागा कै. रखमाजींनी शाळेला दिलेली. दानपत्र माझ्या कपाटात आहे, त्यात क्षेत्र लिहिलंय: एक गुंठा. मी कपाट उघडलं, दानपत्र पाहिलं, एक किलो युरिया आणला. शनिवारी शाळा सुटल्यावर, कुणी नसताना, माझ्या हातानं मी तो सगळा वाफ्यात पसरला आणि पाणी दिलं.

मंगळवारपर्यंत मेथी करपून जमिनीवर झोपली.

बुधवारी पाच वाजता समितीची तातडीची बैठक होती. चार वाजता मी टेप घेऊन मागे गेलो. मंडळी, त्या गुंठ्यात स्वयंपाकाची खोली आहे, पाण्याची टाकी आहे, हात धुवायचा ओटा आहे. वाफा उरलाय भिंतीलगत, दहा फूट लांब, चार फूट रुंद. दहा चोक चाळीस. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे सत्तावीस वाफे मांडावेत तेव्हा एक गुंठा भरतो. किलोचे सत्तावीस वाटे केले तर एका वाफ्याला सदतीस ग्रॅम येतात. म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा कप. मी सत्तावीस वाफ्यांचं खत एका वाफ्यात ओतलं होतं. क्षेत्रफळाचा धडा पाचवीला मीच शिकवतो.

हे गणित मी चिठ्ठीच्या मागे मांडलं, चिठ्ठी खिशात ठेवली आणि बैठकीला आलो.

आबाराव, तुम्ही कडाडला होता, "उद्या पथक येऊन राह्यलं, सर. त्यांला काय दाखवायचं, राख?" तुमचं चुकलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "बाईनं गरम पेज ओतली असंल. रोज काहीतरी ओततच असते." मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पेज न्हाई ओ. तांदळाचं धुवण टाकते मी, थंडगार. इतकी वर्षं तेच टाकून राह्यले." "मंग आत्ताच कसं जळालं?" यावर त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा की. तुम्ही तर रोज बघता."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. चिठ्ठी खिशात होती. हात खिशापर्यंत गेलाही. पण मी त्या खिशातून पेन काढलं. समितीचा सचिव मीच, इतिवृत्त मीच लिहितो.

ते रजिस्टर आज बरोबर आणलंय. वाचतो: "परसबागेचे नुकसान केल्याबद्दल श्रीमती गोजरबाई यांना समज देण्यात आली. त्यांनी यापुढे वाफ्याजवळ जाऊ नये." अक्षर माझं आहे. खाली सही माझी आहे.

नाही आबाराव, मला बोलू द्या. आज थांबलो तर पुन्हा बोलणार नाही, मी स्वतःला ओळखतो.

त्या दिवसापासून मावशी धुवणाची बादली वाफ्याला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत नेऊ लागल्या. मी खिडकीतून बघायचो. एका लग्नात बायकांनी चेष्टा केली, "मावशी, हळदीला हात नका लावू, करपंल." त्याही हसल्या म्हणे. आणि पेरणीला त्यांच्या दारी कुणी गेलं नाही. मी? मी पहिली जुडी देवीला न्यायचं सोडलं. कुणाच्या तरी हाती पाठवायचो. मंदिराच्या पायरीशी गेलो तरी वर बघवत नव्हतं. तुम्हाला वाटलं, सरांचे गुडघे दुखतात.

आजही बोललो असतो की नाही, देव जाणे. पण गेल्या सोमवारी मी मावशींना म्हणालो, "निरोपाच्या दिवशी वाफ्यात तुमच्या हातची मेथी टाकू." त्या दोन पावलं मागं सरल्या. "नका सर. माझा हात नका लावू त्याला. घरच्या तुळशीला बी आता सूनच पाणी घालून राह्यली. मी न्हाई घालत."

मंडळी, मला वाटत होतं, मावशींना निदान स्वतःचं खरं ठाऊक असेल. आपण निर्दोष आहोत, एवढं तरी त्यांच्यापाशी असेल. तेही मी ठेवलं नव्हतं. चार वर्षं त्या आपल्याच हाताला भिऊन जगल्या.

म्हणून शाल थांबवली. अध्यक्ष महाराज, माझी विनंती आहे की त्या ठरावाखाली नवा ठराव घ्यावा: नुकसान मुख्याध्यापक मच्छिंद्र यांनी केले आणि माहीत असून दडवले. मजकूर लिहून आणलाय. सही केली आहे. भागवत सर, पुढची कारवाई तुमच्या अधिकारातली आहे, मी तक्रार करणार नाही.

मावशी, उठू नका. डोळे पुसा आणि एकच ऐका. तुमचं पाणी थंडच होतं. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं.

वाफा आज सकाळी मी मोजून तयार केलाय. शेणखत आहे, युरिया अर्धा कपच, तोही रोपं वर आल्यावर. मेथीचं बी या वाटीत आहे.

बोलू दिल्याबद्दल आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं ते पदरात घ्यावं. वाफ्यात जे झालं, त्याची माफी सभेकडे मागण्यात अर्थ नाही. ती द्यायची की नाही हे मावशींनी ठरवावं, आणि आजच ठरवावं असंही नाही. त्यांनी नाही म्हटलं तरी मूठ त्यांचीच राहील.

वाटी मी इथं टेबलावर ठेवतो. मी बाहेर वाफ्यापाशी थांबतो.